व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तोंडच उघडत नाही, काय करू?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. एमडी सायकायट्रीचं तिसरं वर्ष, फायनल परीक्षा दीड महिन्यावर. ती लिहिते की पुस्तकं दोनदा वाचून झालीत, थिअरीची भीती नाही, पण डिपार्टमेंटमध्ये मॉक (सराव परीक्षा) झालं तेव्हा लाँग केस, म्हणजे एका पेशंटची सविस्तर तपासणी, प्रेझेंट करताना सरांनी दुसऱ्याच मिनिटाला अडवून एक प्रश्न विचारला आणि डोकं एकदम कोरं झालं, पुढे जे बोलले ते तुटक तुटक, सर म्हणाले असं असेल तर एक्सटर्नल (बाहेरचा परीक्षक) पाच मिनिटांत उठवेल. तिचे प्रश्न असे: ब्लँक होते त्याचं काय करू, पेशंट कोंकणीत बोलतो मी विचार मराठीत करते आणि परीक्षा इंग्लिशमध्ये त्याचं काय, आणि मैत्रीण म्हणते धडधड कमी करायला प्रोप्रानोलॉल घे, घेऊ का. शेवटी विचारलंय की त्या सरांसमोर परत उभी राहू का नको.

बाळा, पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही की तू पुस्तक तिसऱ्यांदा वाचायला घेतलं असशील. घेतलं असशील तर बंद कर. सकाळचा एक तास ठेव वाचायला, बाकीचा दिवस बोलण्यात घालव. मी बरीच वर्षं या टेबलाच्या पलीकडे बसलोय आणि मनापासून सांगतो, प्रॅक्टिकलमध्ये अडकणारी मुलं अभ्यास कमी म्हणून क्वचितच अडकतात, ती अडकतात कारण जे माहिती आहे ते त्यांनी तोंडाने कधी म्हटलेलंच नसतं, सगळं डोळ्यांनी वाचलेलं असतं.

आता एग्झामिनरला काय हवं असतं ते समजून घे, मग निम्मी भीती जाईल. चार जण असतात, त्यातले दोन बाहेरचे. बाहेरचा माणूस तुला ओळखत नाही, तुझी तीन वर्षांची ड्युटी त्याने पाहिलेली नाही, त्याच्या हातात थोडासा वेळ आहे आणि त्याला एवढंच ठरवायचंय की उद्या ही मुलगी वाळपईला नाहीतर काणकोणला एकटी बसली आणि समोर पेशंट आला तर तो सुरक्षित आहे का. म्हणून तो सारखा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतो: कशावरून? तू म्हणालीस डिप्रेशन, कशावरून. तू म्हणालीस इनसाइट (स्वतःच्या आजाराची जाण) ग्रेड दोन, कशावरून, तीन का नाही. तुझ्या सरांनी दुसऱ्या मिनिटाला अडवलं ना, तो प्रश्न तू पत्रात लिहिलेला नाहीस पण मी पैजेवर सांगतो तो याच जातीचा होता. तेव्हा दीड महिन्याची सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती कर, तुझ्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक वाक्यामागे पेशंटने बोललेलं किंवा तू पाहिलेलं काहीतरी असायला हवं.

एमएसईपासून, म्हणजे पेशंटच्या मनःस्थितीच्या तपासणीपासून, सुरुवात कर कारण खरे मार्क तिथे जातात. मुलं लिहितात 'डिल्यूजन ऑफ पर्सिक्युशन प्रेझेंट' (लोक आपल्या वाईटावर आहेत असा खोटा पण पक्का समज आहे) आणि पुढे जातात. अगं पण तो बोलला काय? त्याचं वाक्य हवं, त्याच्या शब्दांत, त्याच्या भाषेत. 'शेजारी माझ्या बावडीत कायतरी घालतात' असं तो म्हणाला, तू विचारलंस कशावरून वाटतं, तो म्हणाला पाण्याचा रंग बदललाय, तू विचारलंस दुसरं काही कारण असू शकेल का, पावसामुळे गढूळ झालं असेल, तर तो ठामपणे नाही म्हणाला आणि घरात सगळे तेच पाणी पितात हे दाखवलं तरी हलला नाही. हे सांगितलंस की डिल्यूजन हा शब्द उच्चारायच्या आधीच समोरच्याला दिसतो. अफेक्टचंही, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या भावनांचंही, तेच, 'ब्लंटेड' (बोथट) म्हणू नकोस नुसतं, आई गेल्याचं सांगताना चेहरा, आवाज, हात यांत काय झालं ते सांग.

आणि गोव्यात तर हे जास्तच सांभाळायला लागतं. देवचार रात्री गावाची राखण करतो असं म्हणणारा माणूस आजारी नाही, अर्धं गाव तेच म्हणतं. जत्रेत अवसर येतो (अंगात देव येतो) तो ठरलेल्या माणसाला, ठरलेल्या वेळी, लोकांच्या मान्यतेने येतो आणि नंतर तो माणूस घरी जाऊन जेवतो, कामाला लागतो. पण तीच गोष्ट एखाद्या सुनेला वेळीअवेळी होते, तिच्या मनाविरुद्ध होते, घरचं सगळं कोलमडतं, तेव्हा आपण पझेशन ट्रान्स डिसऑर्डरचा विचार करतो, आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत तो स्वतंत्र दिलाय. आधी घाड्याकडे (गावच्या मांत्रिकाकडे) जाऊन आले असतील तर तेही हिस्ट्रीत घाल, नाक न मुरडता, कोणी नेलं, किती पैसे गेले, काही फरक पडला का, औषध बंद करायला सांगितलं का. बाहेरून आलेला एग्झामिनर हे हमखास विचारतो कारण त्याला बघायचं असतं की इथल्या माणसाला तू ओळखतेस का.

कॉग्निशन (लक्ष, आठवण, हिशेब) तपासताना शंभरातून सात वजा करत जा हे सगळ्यांना लावू नकोस. चौथी शिकलेल्या मासेविक्रेत्या बाईला विचार, बांगडे दोनशे ऐंशीचे झाले, पाचशेची नोट दिली, परत किती देशील, ती तुझ्यापेक्षा लवकर सांगेल. म्हणी तिच्या भाषेतल्या विचार. इंग्लिश म्हणीचं शब्दशः भाषांतर करून विचारायचं आणि मग अ‍ॅब्स्ट्रॅक्शन इम्पेअर्ड (आतला अर्थ कळत नाही) लिहायचं हा पेशंटवर अन्याय आहे, मला फार राग येतो त्याचा.

भाषेचा प्रश्न इथेच सुटतो बघ. कोंकणीतलं वाक्य कोंकणीतच लिहून घे, 'म्हाका न्हीद पडना' तर तसंच, प्रेझेंट करताना तसंच म्हण आणि लगेच साध्या इंग्लिशमध्ये अर्थ सांग. बाहेरचा एग्झामिनर पुण्याचा असो की बेळगावचा, त्याला ते आवडतं, आणि तुझंही भलं होतं, कारण त्या वाक्याला तुला इंग्लिश शोधावं लागत नाही, श्वास घ्यायला वेळ मिळतो. बाकी इंग्लिशसाठी उपाय एकच, ठरलेली वाक्यं. सुरुवातीचं वाक्य, हिस्ट्रीतून एमएसईकडे जायचं वाक्य, समरीचं, 'माझं पहिलं डायग्नोसिस हे, बाजूने हे मुद्दे, विरोधात हे' असं डायग्नोसिसचं, रिस्कचं. ही वाक्यं अंघोळ करताना म्हण, स्कूटरवर म्हण, जीभ त्यावर चालायला हवी. मध्ये व्याकरण चुकलं तर चुकू दे, इंग्लिशवर कोणी नापास करत नाही. कानडी किंवा हिंदी बोलणारा पेशंट आला आणि दुभाषा लागला तर नातेवाइकाला घेऊन आत्महत्येचे, मारहाणीचे, शरीरसंबंधाचे प्रश्न विचारू नकोस, सिस्टर किंवा स्टाफपैकी कोणी बघ आणि तसं का केलंस ते एग्झामिनरला आपणहून सांग.

आता ब्लँक होण्याचं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, संमोहन करताना हात पुढे केलेला, तुला माहीतच आहे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा माणूस. त्याची गोष्ट सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरची बडी मंडळी बघून वाचाच गेली, तर खाली बसलेल्या बापाने हळूच कोंकणीत म्हटलं, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी', आणि पोराला कंठ फुटला. गोष्ट शंभर टक्के अशीच घडली का ते सोड, पण त्यात आपल्या शास्त्राला धरून काहीतरी आहे. माणूस गोठतो तेव्हा त्याला नवीन माहितीचा उपयोग नसतो, ओळखीचा एक धागा लागतो. तुझा धागा म्हणजे पेशंट. सरांनी प्रश्न विचारला, डोकं कोरं झालं, तर पुस्तकातलं पान शोधायला जाऊ नकोस, ते सापडणार नाही, हातातल्या कागदावर पेशंटचं एक वाक्य बघ आणि तिथून बोलायला लाग. 'सर, पेशंट म्हणाला की...' एवढं तोंडातून निघालं की पुढचं येतं. नाहीच आलं तर 'सर, मला थोडा विचार करू द्या' म्हण, दहा सेकंदांची शांतता तुला युगासारखी वाटते, पलीकडे बसलेल्याला ती कळतही नाही. (फारियाबद्दल टेबलवर विचारू शकतात हं. मेस्मरचं चुंबकीय द्रव वगैरे त्याने नाकारलं, झोप येते ती त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून, सजेशनने, असं त्याने मांडलं आणि १८१९ साली पॅरिसमध्ये वारला. गोव्याच्या मुलीला हे न येणं बरं नाही.)

रोजचा सराव असा कर. दोन मैत्रिणी घे, नसतील तर ज्युनियर घे. वॉर्डातल्या पेशंटला आधी नीट विचारून, त्याला चालत असेल तरच, घड्याळ लावून केस घे. वेळ युनिव्हर्सिटीप्रमाणे बदलतो, तुमच्याकडे लाँग केसला तास असेल तर तू पाऊण तासात संपवायची सवय कर आणि उरलेला वेळ कागद जुळवायला ठेव. पहिली चारपाच मिनिटं पेशंटला मोकळं बोलू दे, मध्ये प्रश्न टाकू नको, थॉट प्रोसेस त्यातच दिसते. मग मैत्रिणींसमोर प्रेझेंट कर, त्यांनी फक्त एकच करायचं, दर तिसऱ्या वाक्याला 'कशावरून' विचारायचं. पहिले चार दिवस रडायला येईल. आठवड्याभरात तूच बोलताना आधी पुरावा आणि मग शब्द ठेवायला लागशील. घरी मोबाइलवर स्वतःचं प्रेझेंटेशन रेकॉर्ड कर, पण त्यात पेशंटचं नाव, गाव काही नको, आणि पेशंटचं रेकॉर्डिंग तर अजिबात नाही.

एक गोष्ट कळवळून सांगतो. परीक्षेला आलेला पेशंट सकाळपासून बसलेला असतो, तुझ्या आधी दोघांनी त्याला तेच तेच विचारलेलं असतं. चहा घेतला का विचार. मी कोण, किती वेळ बोलणार, नको वाटलं तर सांगा, हे म्हण. रडायला लागला तर पेन खाली ठेव. उठताना आभार मान. हे मार्कांसाठी करायचं नाही, पण एग्झामिनर कोपऱ्यातून बघत असतो हेही खरं, आणि ज्या पेशंटला आदर मिळाला तो हिस्ट्रीही सरळ देतो.

शरीर तपासायला विसरू नकोस. सायकायट्रीची मुलं इथे सगळ्यात जास्त सापडतात. पल्स, बीपी, थायरॉईड, हाताचा कंप, कॉगव्हील रिजिडिटी (हात हलवताना दातेरी चाकासारखा लागणारा ताठरपणा), दारूचा पेशंट असेल तर यकृत, डोळ्यांच्या हालचाली, चाल. बाई असेल तर पाळी कधी आली, गरोदर आहे का, कारण त्यानंतर व्हॅल्प्रोएट (पोटातल्या बाळाला धोक्याचं औषध) म्हणायचं की नाही ते ठरतं. आणि आत्महत्येचा विचार विचारलाच नाही अशी केस घेऊन एग्झामिनरसमोर जाऊ नकोस, बाकी सगळं अप्रतिम असलं तरी.

दारूची केस तुला येण्याची शक्यता भरपूर, त्यामुळे ती पाण्यासारखी पाठ हवी. समज डिचोलीचा एक ड्रायव्हर, बरीच वर्षं रोज पिणारा, घरी कोणी वारलं म्हणून दारू सुटली, तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले, कापायला लागला, बायकोला ओळखेना. विचारतील हा स्किझोफ्रेनिया का नाही. कशावरून नाही? शुद्ध गढूळलेली आहे, स्थळकाळाचं भान गेलंय, दिसणारे भास आहेत, शेवटचा पेग आणि सुरुवात यांत दोन तीन दिवसांचं अंतर आहे, घाम, पल्स वाढलेली. मग उपचार, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या आधी आणि का आधी ते वर्निकेच्या, म्हणजे थायमिनअभावी होणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, भाषेत सांगता यायला हवं, यकृत खराब असेल तर लोराझेपाम का ते यायला हवं. पेशंट बरा होऊन घरी जातो तिथे उत्तर संपवू नकोस. तो फेणी पितो की दुकानातली क्वार्टर, उर्राकाच्या (काजूच्या हलक्या दारूच्या) दिवसांत वाढते का, ड्रायव्हिंगचं काय, बायकोचं काय, पुढच्या महिन्यात फॉलोअपला येणार कसा.

इथे एक गोष्ट तुझ्या हातात आहे जी दिल्लीच्या मुलाच्या हातात नाही. सायकायट्रिस्ट नसलेले, ट्रेनिंग दिलेले साधे लोक डिप्रेशनवर आणि पिण्यावर काउन्सेलिंग करू शकतात का, हे जगाला दाखवणारे ट्रायल गोव्याच्या आरोग्य केंद्रांत झालेत. विक्रम पटेल आणि संगाथ या संस्थेची मंडळी, मानस ट्रायल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१० ला आला, हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम आणि काउन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स हे दोन २०१७ ला. मॅनेजमेंट सांगताना हे आलं की चर्चेची पातळी बदलते. फक्त हा मानस आणि केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन यांची गल्लत नको, टेलिमानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, नंबर १४४१६.

टेबल व्हायव्हासाठी औषधं, ईसीटी (विजेच्या झटक्याचा उपचार), कायदा हे तीन घट्ट कर. लिथियमची रक्तातली लेव्हल सगळे सांगतात, अ‍ॅक्यूट मॅनियाला ०.८ ते १.२, पण मे महिन्यात उन्हात बोटीवर काम करणारा खलाशी, घाम गळतोय आणि गुडघा दुखतो म्हणून फार्मसीतून आयबुप्रोफेन घेतोय (दोन्हींनी लिथियम रक्तात वाढतं), त्याला तू काय समजावून सांगशील हे सांगणारा मुलगा मला लक्षात राहतो. क्लोझापीनला पांढऱ्या पेशींचा काउंट सगळे म्हणतात, बद्धकोष्ठ फार थोडे म्हणतात आणि त्याने माणसं दगावतात. कायदा म्हणजे मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७, २०१८ पासून लागू. कलम ८६, ८९, ९० अ‍ॅडमिशनची, ८९ खाली ३० दिवसांपर्यंत, इमर्जन्सी उपचार कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत, ९५ मध्ये भूल आणि मसल रिलॅक्संटशिवाय ईसीटीला बंदी, ११५ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असं गृहीत धरायचं. जुनं आयपीसी ३०९ (आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा) आता भारतीय न्याय संहितेत तसं नाही, १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे, सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा २२६ मध्ये राहिलाय. कलमांचे नंबर चुकले तर चालेल, पण 'नातेवाइकांनी सही दिली म्हणून भरती केलं' एवढंच उत्तर चालणार नाही, पेशंटची निर्णयक्षमता तू तपासलीस का, कशावरून ठरवलंस, हे सांगायला हवं.

माहीत नसेल तेव्हा काय? डोस अंदाजाने ठोकून देऊ नकोस, कधीच नाही. 'सर, नेमका डोस आठवत नाही, कमीपासून सुरू करीन, देण्याआधी ईसीजी बघीन आणि फॉर्म्युलरी उघडून खात्री करीन' हे पास होणाऱ्या डॉक्टरचं उत्तर आहे. आणि एग्झामिनर म्हणाला 'मला हे बायपोलर वाटत नाही' तर लगेच पलटी मारू नको, बऱ्याच वेळा तो बघत असतो की तू वाऱ्यावर हलतेस का. बाजूचे मुद्दे सांग, विरोधातले सांग, आणखी काय विचारलं तर नक्की होईल ते सांग. त्याने खरंच नवीन मुद्दा दाखवला तर मात्र मोकळेपणाने मान्य कर.

प्रोप्रानोलॉलचं सरळ उत्तर: हात कापतात, छाती धडधडते यासाठी कमी डोसचा उपयोग होतो, ब्लँक होण्यावर तो थेट उपाय नाही. दमा असेल, पल्स मुळात कमी असेल तर नाहीच. आणि तू डॉक्टर असलीस तरी स्वतःला लिहून देऊ नकोस, दुसऱ्या डॉक्टरला दाखव, त्याने दिलं तर परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नको, आधी एखाद्या मॉकच्या दिवशी घेऊन बघ. मैत्रिणीने उद्या अल्प्राझोलाम ही चिंतेवरची गोळी सुचवली तर साफ नाही म्हण, ती आठवणीवरच घाला घालते. झोप मात्र औषधासारखी सांभाळ. आणि झोप रोजचीच उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटायला लागलं असेल तर ती परीक्षेची भीती समजून अंगावर काढू नको, आपल्या डिपार्टमेंटबाहेरच्या कोणा सायकायट्रिस्टकडे जा, पेशंट म्हणून जा. आपल्या क्षेत्रातली पोरं हे सगळ्यात उशिरा करतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

राहिले तुझे सर. जा त्यांच्याकडे, याच आठवड्यात जा. त्यांचं वाक्य कडू होतं, पण त्यांनी अडवलं ती जागा बरोबर होती. सगळी केस ऐका म्हणू नको, वेळ मिळणार नाही. 'सर, मला दहा मिनिटं द्या, फक्त एमएसई आणि डायग्नोसिस ऐका, आणि जिथे वाटेल तिथे अडवा' असं म्हण. पहिल्यांदा परत अडखळशील, तरी पुढच्या आठवड्याची वेळ मागूनच बाहेर पड, परीक्षेपर्यंत दर आठवड्याला एक. ते नाहीच म्हणाले तर दुसऱ्या युनिटच्या मॅडमना विचार, कोणीतरी एक सीनियर हवाच जो तुझ्याकडे बघून मध्येच थांबवेल.